तारण काय?

काल संध्याकाळी माझी कंपनी बुडाली. कंपनी कागदावरची होती, पण राग खरा आहे.

शिवाजीनगर कोर्टात कलम 138च्या, म्हणजे चेक बाउन्सच्या केसेस लढवून जीव विटला, म्हणून एका लॉ कॉलेजात व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नवख्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालण्याच्या धंद्याचा, संध्याकाळचा कोर्स लावला. काल वाटाघाटींचा सराव होता. मी फाउंडर; समोर गुंतवणूकदार म्हणून निवृत्त बँक मॅनेजर असलेले एक काका.

काकांनी चष्मा पुसला, टर्म शीट, म्हणजे सौद्याच्या अटींचा कागद, उलटी ठेवली आणि विचारलं, "तारण काय?"

"काका, हे कर्ज नाही. तुम्ही प्रेफरन्स शेअर घेताय, पुढे त्यांचे इक्विटी शेअर होणार."

"ते होतील तेव्हा होतील. जामीनदार कोण?"

"जामीनदार नसतो यात. कंपनी बुडाली की पैसे बुडाले."

"आणि हे तुम्ही माझ्या तोंडावर सांगताय?" मग जरा मऊ आवाजात, "घर स्वतःचं?"

"भाड्याचं. कर्वेनगर."

"अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलंय?"

सर मदतीला धावले. 1957 साली बॉस्टनच्या एका फंडाने डिजिटल इक्विपमेंट या नवख्या कंपनीत 70 हजार डॉलर घातले, पुढे त्याचे कोट्यवधी झाले, वगैरे. काकांनी एवढंच विचारलं, "बदल्यात किती कंपनी घेतली?" निम्म्याहून जास्त, हे कळल्यावर खुर्चीत मागे रेलले. "मग ठीक. मूर्ख नव्हते."

लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकली तर आधी गुंतवणूकदाराचे पैसे परत, हे कलम आलं आणि काका दहा वर्षांनी तरुण झाले. लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: "माझे आठ कोटी, हिस्सा 40 टक्के. कंपनी दहाला विकली. आधी माझे आठ. उरले दोन, त्यातही माझे 40 टक्के. तुम्हाला एक कोटी वीस लाख. तुम्ही आणि तुमचे ते दोन मित्र, घ्या वाटून."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकांना पैकीच्या पैकी. मला शेरा: 'फाउंडर म्हणून तयारी कमी.'

अहो, तयारी होणार कुठून? अख्खा कोर्स गुंतवणूकदाराच्या खुर्चीतून शिकवतात. ज्याची कंपनी त्याच्या बाजूने एक तास नाही. नोट्समध्ये एंजल टॅक्सवर, म्हणजे कंपनीने वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकले तर वरच्या पैशावर लागणाऱ्या करावर, पानंच्या पानं आहेत. 2012 साली आलेला हा कर 2024च्या बजेटमध्ये काढून टाकला, पण परीक्षेला आहेच. फी परत मिळत नाही, हे मात्र पावतीवर ठळक अक्षरात.

पार्किंगमध्ये काकांनी गाठलं. भाडेकरूचा चेक परत आलाय म्हणे. "30 दिवसांत नोटीस जायला हवी ना? टाका पाठवून. फी जिंकल्यावर बघू."

निकालावर फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलची मनाई आहे, असं मी सांगितलं.

"असं? मग फुकटच करा," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.