इरकलीचं पोलकं काखेत फाटल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई. तुमचं म्हणणं तिन्ही बाबतींत स्पष्ट आहे: आजीच्या नऊवारी इरकलीतून बाळासाठी शिवलेल्या परकर-पोलक्यातलं पोलकं पहिल्याच कार्यक्रमात काखेत फाटलं, पदर न वापरता परत दिला, आणि जुनंच कापड असून शिलाई नव्यापेक्षा जास्त घेतली.

फोटोत टीप शाबूत दिसतेय, कापड टिपेलगत विरलंय. जुन्या सुताचं हे नेहमीचं दुखणं. अशा वेळी टाके बारीक घालून उपयोग नसतो, उलट सुईची भोकं जवळजवळ पडून तिथेच चीर जाते. म्हणून आम्ही 11 नंबरची सुई, इंचाला 10 टाके आणि अर्धा इंच माया (टिपेबाहेरचं जादा कापड) ठेवतो. पण बाळाची छाती 22 इंच, आम्ही सुचवलेलं तयार माप 26, आणि तुम्ही अंगासरशी हवं म्हणून 24 घेतलंत. अस्तरही नको म्हणालात. दोन्ही गोष्टी बिलावर आहेत. मूल हात वर करतं तेव्हा सगळा ताण मुंढ्याच्या (बाही जोडतो त्या गोलाईच्या) खालच्या भागावर येतो. मलमलचं अस्तर असतं तर तो अस्तराने झेलला असता.

पदराबद्दल. इरकलीत अंगाचे उभे धागे बहुधा सुती आणि पदराचे रेशमी असतात. विणतानाच ते एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तुम्हाला पाठीवर अर्धं अंग, अर्धा पदर हवा होता. तो जोड कात्रीने छेदला की कडेने सुटायला लागतो, आणि धुतल्यावर सूत आटतं, रेशीम तितकं आटत नाही, म्हणजे मधोमध चुण्या पडतात. शिवाय ओलं पांढरं फडकं घासल्यावर तुमच्या पदराचा लाल रंग उतरत होता. त्याची बिनजोडाची झोळी किंवा टोपडं छान होईल, पोलकं नाही.

साडी आठ मीटरची, मग कापड गेलं कुठे? काष्ट्याचा आणि बसताना घासणारा भाग उजेडासमोर धरला की जाळीसारखा दिसतो, तो सगळा बाद. उरलेल्यातून परकराचा अडीच मीटर घेर. साडीचा पन्हा 45 इंच: 28 इंच परकराला लागले (उंची 24, नेफा 1, आणि आत दुमडून शिवलेल्या पाऊण इंची दोन टकांचे, दुमडीत दुप्पट कापड जातं म्हणून, 3), उरलेल्या 17 इंची काठाच्या पट्टीतून पोलकं आणि बाह्या. ते टक उसवले की परकर 3 इंचांनी वाढतो, दोनेक वर्षं सहज जातील.

शिलाई जास्त, कारण नव्या कापडावर थेट खडू चालतो. इथे आधी धुवायचं, मग रफू आणि डाग चुकवत तुकडे मांडायचे. हे काम कात्री लावण्यापेक्षा मोठं असतं, आणि ते स्वस्तात करून देणारा बहुतेक ते करतच नाही.

आता पोलकं दुरुस्त होईल. परत दिलेल्या चिंध्या टाकल्या नसतील तर सोबत आणा: काखेत अडीच इंची चौकोनी तुकडा तिरका बसवून, मुंढ्याला आतून मलमलची पट्टी लावून देऊ. छातीत दोन इंच मोकळीकही मिळेल. अस्तराचे आणि मजुरीचे मिळून 150 रुपये होतील. तोवर धुऊ नका, चीर पसरेल.