तुमचं वाचू हो, पण तुम्ही कोणाचं वाचता?

"मी मुद्दामच दुसऱ्यांचं काही वाचत नाही. प्रभाव पडतो ना!"

हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर बोललं, तर माझ्या तोंडून काय निघेल याची हमी मी देत नाही. बरं, हे सांगताना कोणी ओशाळत नाही. उलट मान किंचित तिरकी करून, सोळा सोमवारांचं व्रत चालू असल्यासारखं सांगतात. प्रभाव पडतो म्हणे! अहो, पडू द्या की. देव करो आणि पडो. आत्ता तुमच्या कवितेवर प्रभाव नाही असं वाटतं का तुम्हाला? आहे, चांगला ढळढळीत आहे. शाळेतल्या बालभारतीचा आहे, निरोप समारंभातल्या सूत्रसंचालनाचा आहे, रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या फोटोसकट येणाऱ्या सुविचारांचा आहे. म्हणून तर तुमच्या पावसात दर वेळी तीच चिंब भिजलेली आठवण, तुमच्या अंगणात तोच प्राजक्ताचा सडा आणि तुमची आई दर वेळी तीच चूल फुंकणारी. गॅस येऊन तुमच्या घरात दोन पिढ्या झाल्या!

आमच्या गावातून एक छोटा दिवाळी अंक निघतो आणि त्याच्या संपादनात मी बिनपगारी राबते, म्हणून ही आग. जून उजाडला की साहित्य यायला लागतं. येतं म्हणजे कोसळतं. सोबतची पत्रं वाचावीत एकेकाची. "पाच कविता पाठवीत आहे, योग्य वाटतील त्या घ्याव्यात, आपल्या मासिकाचे नाव कळवावे." नाव कळवावे! म्हणजे आपण मुलगी कुठल्या घरात देतोय हेही या बापाला ठाऊक नाही. एकाने भलत्याच अंकाच्या संपादकांना "आदरणीय" म्हणून तेच पत्र तसंच आमच्याकडे ढकललं होतं. एक जण दर वर्षी फोन करून विचारतात, "तुमच्याकडे साधारण काय चालतं?" मी म्हणते, काका, आमचा गेल्या वर्षीचा अंक बघा ना, तालुक्याच्या वाचनालयात आहे, तुमच्या घरापासून चालत जाल. त्यावर हसतात. मी काही विनोद केला नव्हता.

अंक निघाला की दुसरा अंक सुरू. लेखकाला एक प्रत आम्ही आमच्या खर्चाने पाठवतो. ती उघडतात कशी? अनुक्रमणिकेत बोट फिरवत आपलं नाव, मग थेट ते पान, मग पानाचा फोटो, मग तो फोटो सगळ्या नातेवाइकांना. बस्स, अंक संपला. आम्हाला उलट टपाली काय येतं? "अंक मिळाला. माझ्या आडनावातला ळ हा ल झाला आहे." बाकीच्या दीडशे पानांबद्दल अवाक्षर नाही. मी एकींना विचारलं, तुमच्या शेजारच्याच पानावर तुमच्याच तालुक्यातल्या एका मुलीची कथा आहे, ऊसतोडीच्या फडावरची, वाचलीत का? तर म्हणाल्या, "अजून उसंतच नाही मिळाली गं." पुढच्या दिवाळीपर्यंत उसंत मिळाली नाही. नव्या कविता मात्र वेळेत आल्या.

आणि कविसंमेलनं! आपला नंबर येईपर्यंत मांडीवरच्या वहीत तोंड खुपसून बसायचं, समोरचा कवी गळा फाडून म्हणत असला तरी आपली ओळ खोडायची, पुन्हा लिहायची. मध्येच सगळे "वा" म्हणाले की आपणही न बघता "वा, क्या बात है". आपलं वाचून झालं की लगेच आयोजकांच्या कानाशी: "निघतो हं, शेवटची गाडी आहे." संध्याकाळी साडेपाचला शेवटची गाडी असलेली इतकी गावं महाराष्ट्रात आहेत हे मला कविसंमेलनांमुळे कळलं. शेवटी उरतात कोण, तर अध्यक्ष, सूत्रसंचालक, माईकवाला आणि ज्याचा नंबर शेवटचा आहे तो बिचारा.

आणि हेच लोक पुन्हा व्यासपीठावरून गळा काढणार: मराठीला वाचक राहिला नाही! 2011 च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, आणि कवितासंग्रह मात्र निम्मा पलंगाखाली. अरे, पण पहिला वाचक तूच होतास ना? आमच्याकडे कविता पाठवणाऱ्यांनी नुसता आपापला एकेक अंक विकत घेतला असता, तर आम्हाला जाहिरातीसाठी पतसंस्थांचे उंबरठे झिजवावे लागले नसते. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो वाचणारे आहेत या भरवशावर. आमचा अंक लिहिणारे आहेत एवढ्याच भरवशावर निघतो. आता भाषेला अभिजात दर्जाही मिळालाय, 2024 च्या ऑक्टोबरात. त्यावरही लगेच कविता आल्या. अभिजातातलं काय वाचलं म्हणून विचारलं, तर खिडकीबाहेर बघतात.

यांना कोणीतरी एकनाथांची गोष्ट सांगा. 1573 मध्ये एकनाथी भागवत पुरं करून बसलेला माणूस. त्याला आणखी काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, शके 1506 म्हणजे 1584 मध्ये, त्याने काय केलं? जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच्या एका दुसऱ्या कवीचा ग्रंथ घेतला आणि हातोहात नकला होताना त्यात शिरलेले अपपाठ काढून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शब्द न् शब्द दुसऱ्याचा. आणि वर ताकीद देऊन ठेवली, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवली असं समजा. स्वतः हजारो ओव्या लिहिलेला माणूस म्हणतोय हे! आमच्या मंडळींना दुसऱ्याच्या कवितेचं नुसतं मुद्रित तपासायला दिलं तरी दोन ओळी सुधारून, म्हणजे बिघडवून, परत देतात.

सगळं जुनं नम्रतेने वाचा असं मी म्हणत नाहीये. वाचून चिडा! फाडा! 1969 मध्ये लघुनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःची छोटी बंडखोर मासिकं काढणाऱ्या पोरांनी मुंबईत 'सत्यकथा' या त्या काळच्या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली. केवढा गहजब झाला! पण ती होळी करणाऱ्यांना त्या मासिकातलं नेमकं काय खुपतंय हे पक्कं माहीत होतं, कारण ते ती पानं वाचत होते. त्यांच्यातल्याच राजा ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली ती हवेत नाही लिहिली. आज कोणी आमच्या अंकाची होळी केली तर मी पेढे वाटीन. निदान जाळण्यापुरता तरी विकत घेतला म्हणेन.

आणि विडंबन घ्या. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली. भोवतालच्या कवींच्या लकबी, त्यांचे फारसी शब्द, त्यांचे उसासे, सगळं बारकाईने टिपल्याशिवाय तशी टोपी उडवता येते का? ज्यांची उडवली तेही काही एकलकोंडे नव्हते. रविकिरण मंडळ 1923 मध्ये पुण्यात जमलं तेच मुळी एकमेकांच्या कविता ऐकायला आणि त्यांवर बोलायला. माधव जूलियन, यशवंत, गिरीश. प्रत्येकाचा सूर निराळाच राहिला की, कोणाचा कोणावर प्रभाव पडून कोण वाहून गेलं? आता ते काव्य कोणाला गोड-गोड वाटेल, मलाही बरंचसं वाटतं, पण तो मुद्दा वेगळा.

गझलवाल्यांवर मात्र मला स्वतंत्र संतापायचंय. सुरेश भट नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून गेले. छोटीशी आहे. एका दुपारी वाचून होते. तरी आमच्याकडे येणाऱ्या दहा गझलांतल्या नऊ गझला नसतातच. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, "पाऊस" आणि "माणूस" घेतलेलं असतं, म्हणजे अलामत, यमकात कायम राहणारा स्वर, ठरली, ऊकार आला. तिसऱ्या शेरात साहेब खुशाल "फणस" घेऊन येतात! मी कळवलं, की अहो, अलामत मोडली. तर उत्तर: "मी नियमांत अडकत नाही, माझी शैली आहे." शैली! नियम मोडायला आधी तो ठाऊक तरी लागतो. पन्नास चांगल्या गझला मोठ्याने वाचल्या असत्या तर बाराखडीचीही गरज पडली नसती, कानालाच "फणस" टोचला असता. पोहायला शिकवणारं पुस्तक नको म्हणा, पण पाण्याकडे पाठ करून किती दिवस हातपाय मारणार?

कथावाल्यांचं तेच. प्रत्येक कथा अलार्म वाजून सुरू होते आणि शेवटी सगळं स्वप्न निघतं. ही युक्ती आपल्याला सुचली या आनंदात ते असतात. शेजारच्या पाच कथा वाचल्या असत्या तर कळलं असतं, की त्या पाचही जणांना तीच सुचली आहे.

मग येते प्रतिक्रियांची देवाणघेवाण. "माझी कथा आलीये, अभिप्राय कळवा." मी वाचते, वेळ काढून कळवते, की मधला भाग सैल आहे, मामाचं पात्र कशाला आणलंय ते कळत नाही. त्यावर आठ दिवस अबोला. आणि यांचे अभिप्राय कसे? आमच्या अंकात एका लेखकाने मुलगा गेल्यानंतरच्या घराची कथा लिहिली होती, वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. तिच्यावर एका मान्यवरांचा अभिप्राय: "प्रसन्न लेखन! असेच हसवत राहा." दोन अंगठे, एक गुलाब. त्या लेखकाने तो मला दाखवला तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना. त्यानेही पुढे त्या मान्यवरांचा संग्रह "अप्रतिम" असल्याचं कळवलं, न उघडता. असा हा सगळा आहेर. पाकीट द्यायचं, पाकीट घ्यायचं, आत काय आहे कोण बघतो?

माणसं एकमेकांच्या लिखाणाने किती जवळ येतात, याची उदाहरणं काय कमी आहेत? 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मुळे नाव झालेला, दादरकर मध्यमवर्गाचा नाटककार. त्याने ढसाळांच्या कविता घेतल्या, त्यातलं जग आपल्याला ठाऊक नाही हे ओळखलं आणि ढसाळांबरोबर गोलपिठ्याला, मुंबईतल्या त्या वेश्यावस्तीत, जाऊन आला. मग लिहिलं. आणि आमच्याकडे प्रस्तावना कशी मागतात? "मॅडम, येत्या रविवारी प्रकाशन आहे, दोन पानं द्या ना, नाही वाचलं तरी चालेल, तुम्हाला अंदाज आहेच." काय अंदाज आहे मला? तो लिहिला तर चालेल का?

नाहीतर कथाकार जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहणारा, माणसांपासून, सभासमारंभांपासून लांब पळणारा माणूस. पण पत्रं बघा त्यांची. सुनीता देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा तर अख्खा खंड आहे. आणि त्यांत काय वाचलं, काय आवडलं, काय का आवडलं नाही याचा नुसता पूर. प्रत्यक्ष भेटी किती, आणि ओळख किती खोल! आमच्या लेखकांच्या दर महिन्याला भेटी होतात, शाल-श्रीफळ होतं, ग्रुप फोटो होतो, आणि शेजारी उभा असलेला काय लिहितो ते एकालाही सांगता येत नाही.

"पुस्तकं महाग झालीत हो" हे मला सांगू नका. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. राज्यात 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. महिन्याची वर्गणी एका मिसळीत निघेल. तिथले ग्रंथपाल दुपारभर टेबलावर हात ठेवून कोणी येतंय का बघत बसलेले असतात. आणि कोणी आलंच तर ते नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे जात नाही. झोळीतून स्वतःचा संग्रह काढतं आणि म्हणतं, "वाचनालयाला भेट." सोबत फोटो हवा असतो.

यंदा मी समितीत भांडून एक अट घालून घेतली. कविता पाठवणाऱ्याने सोबत दोन ओळी लिहायच्या: आमच्या गेल्या अंकातलं कोणतं लिखाण आवडलं नाही आणि का. आवडलेलं मुद्दाम विचारलं नाही, तिथे "सर्वच अप्रतिम" आलं असतं. जाहीर करून आठवडा झाला. पहिलं पाकीट आलं ते जाडजूड होतं, मी आशेने फोडलं. आत चिठ्ठी होती, "अंक पाहण्यात आला नाही, तरी माझ्या याही कविता जोडत आहे. यांपैकी न आवडलेली आपणच कळवावी."