आमचं घोडं काही गंगेत न्हाईना

नाशकात राहून मी सायकल चालवत नाही म्हणणं म्हणजे मिसळ खात नाही म्हणण्यासारखं आहे, लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. त्यात 2015 साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी ती 'रेस अक्रॉस अमेरिका' सायकल शर्यत टीम म्हणून पूर्ण केली, जवळजवळ 4,800 किलोमीटर, तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाटतं की आपण फक्त रजा मिळत नाही म्हणून इथे अडकलोय. मला मात्र ती बातमी वाचून पहिला प्रश्न हा पडला होता की नंतर सायकली धुतल्या कोणी?

कारण आमच्याकडे नळ नाही. म्हणजे घरात आहेत, पण घर इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये एक नळ होता, तो एका उन्हाळ्यात पाणीकपातीच्या निमित्ताने बंद झाला. आधी त्याची चावी काढून सेक्रेटरी नानांच्या ड्रॉवरमध्ये गेली, मग लोक पक्कड लावून फिरवायला लागले, तर नानांनी प्लंबर बोलावून थेट बूचच मारलं. वर पाटी, 'पार्किंगमध्ये वाहने धुण्यास सक्त मनाई आहे'. नानांची गाडी मात्र रोज सकाळी एक पोरगा दोन बादल्या पाण्याने चकाचक करून जातो, मी एकदा विचारलं तर नाना म्हणाले, ते धुणं नाही, ते पुसणं आहे. कायद्याचा एवढा बारीक अभ्यास मी कोर्टातसुद्धा पाहिला नाही.

तर जुलैमधला रविवार. मी आणि आमचे चिरंजीव (इयत्ता सातवी) पहाटे निघालो, त्र्यंबक रोडने अंजनेरीवरून पुढे पहिन्यापर्यंत. तिकडे तेव्हा भाताच्या आवण्या, म्हणजे लावण्या, चालू असतात, चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून बाहेर आला की त्याच्या लोखंडी चाकांबरोबर अर्धं शेत डांबरी रस्त्यावर येतं. एवढंही पुरेसं होतं, पण पोराला धबधब्याकडे जाणारी पायवाट दिसली आणि 'बाबा शॉर्टकट' म्हणून तो आत घुसला. दोनशे मीटरवर त्याचं मागचं चाक फिरायचं बंद झालं. टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत चिखल, गवत, एक प्लास्टिकची पिशवी आणि एक जिवंत गोगलगाय असं सगळं थापून बसलेलं. गिअरच्या खाली ती दोन छोटी दातेरी चाकं असतात ना, त्यांच्यातून पेडल मारलं की चिखल असा बाहेर पडत होता जसं पुरणयंत्रातून पुरण.

ग्रुपमधले जाणते लोक सांगतात की वाटेतल्या ओढ्यात धुवायची. धुतली की. तिथून पुढे घरापर्यंत पस्तीस किलोमीटर तोच रस्ता आणि तोच पाऊस होता, सायकल परत होती तशी. वर पोराने विचारलं, बाबा, चेनचं ऑइल ओढ्यातून नदीत जातं ना? मी म्हटलं चल, उशीर होतोय.

बरं, पावसाचं म्हणाल तर त्या आठवड्यात गोदेला पूर. नाशकात पूर किती आला हे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं त्यावरून मोजतात, तर त्या दिवशी मारुतीच्या कमरेला पाणी, आणि आमच्या जिन्यात पाटी, 'पाणी जपून वापरा'. वाटेतूनच घरी आईला फोनवर सांगितलं सायकली धुवायच्यात, तर ती म्हणाली, गंगेवर घेऊन जा ना, गंगेत घोडं न्हालं म्हणतात तरी. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे आई विनोद करतेय की खरंच पत्ता सांगतेय हे कळत नाही.

मग बाथरूम. चार बाय सात फुटाची आमची मोरी, त्यात कमोड, बादल्या, स्टूल, आणि आता एकोणतीस इंची चाकाची सायकल. ती आडवी मावत नाही म्हणून मागच्या चाकावर उभी केली, घोडा खिंकाळतो तशी. हँडल फिरलं आणि थेट शॉवरच्या नळाला लागलं. मी, सायकल आणि कपाळाला आठ्या घालून दारात उभी असलेली बायको, तिघांचीही आंघोळ एकदम झाली. तेवढ्यावर भागलं असतं, पण खालच्या जाळीत चिखल जाऊन बसला आणि पाणी उंबरठ्यावरून हॉलकडे निघालं, संथ, लाल, अगदी गोदेच्या पुरासारखं. आईची पूजा राहिलेली, तिची आंघोळ राहिलेली, आणि मी बोटाने जाळी टोकरतोय. "पहिन्याचा डोंगर घरीच आणायचा होता तर गेलास कशाला", एवढंच म्हणाली. बायको काहीच म्हणाली नाही. ते जास्त महाग पडलं, पुढचे चार दिवस.

दुसऱ्या रविवारी गॅलरीत धुतली. खालच्या काकूंच्या दोरीवर पांढरा बेडशीट होता. ह्यावर अजून काही लिहित नाही.

मग एका गाड्या धुणाऱ्याकडे गेलो, प्रेशर गनवाल्याकडे. त्याने सायकल पाहिली, हसला, आणि दोन मिनिटांत अशी केली की लग्नाला निघाल्यासारखी. मी पण खूश. आठवड्याने पेडलखालून कटकट आवाज सुरू झाला, चाकं घरघरायला लागली. मेकॅनिकने उघडून दाखवलं, बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबूस पाणी. "भाऊ, गन मारली का हिच्यावर?" आवाज असा की डॉक्टर विचारतात 'तंबाखू खाता का'. ते प्रेशर ट्रकच्या चेसिससाठी असतं, सायकलच्या एवढ्याशा सीलला ते काय झेपणार. धुण्याचे पन्नास रुपये आणि न्हाऊ घातल्यामुळे दुरुस्तीचे साडेअकराशे.

शेवटचा उपाय पिंपळगावच्या मामांनी काढला. मामांची द्राक्षबाग. फवारणीला आता ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आहे त्यामुळे जुना पाठीवरचा पंप शेडमध्ये पडून होता, सोळा लिटरचा. "घेऊन जा, बारीक फवारा येतो, बेअरिंगला काही होत नाही," मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं, धार अगदी मापात. रविवारी मी तो पाठीला लावून गच्चीवर गेलो, डाव्या हाताने दांडा मारतोय, उजव्या हाताने नोझल, समोर सायकल, द्राक्षावरचा डाऊनी रोग आल्यासारखी. समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत. पण पंप आतून धुवायचं राहिलं होतं, त्यात शेवटचं बोर्डो मिश्रण होतं, मोरचूद आणि चुना. सायकल वाळल्यावर काळ्या फ्रेमभर निळसर पांढरे ठिपके, द्राक्षाच्या पानावर असतात तस्से. मामांना फोटो पाठवला. मामांचा रिप्लाय, "कव्हरेज चांगलं आलंय."

खरं शहाणपण मिळालं ते आमच्या वॉचमन दादांकडून, सुरगाण्याकडचे आहेत. तीन आठवडे माझे सगळे प्रयोग ते खुर्चीतून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. एकदा मी परत चिखलाची सायकल लिफ्टकडे ढकलत होतो तर म्हणाले, "साहेब, ओल्या चिखलाच्या मागं कोण लागतं का? वाळू द्या की. आपोआप सोडतो तो." मी म्हटलं दोन दिवस अशीच? "बैल काय रोज धुतो का आपण?"

चेन तेवढी त्याच संध्याकाळी फडक्याने पुसली आणि दोन थेंब तेल दिलं, नाहीतर सकाळपर्यंत गंज. बाकी सायकल तशीच पार्किंगच्या कोपऱ्यात. मंगळवारी रात्री खाली जुने पेपर अंथरले, नारळाची शेंडी घेतली, आणि बोटाने नुसतं खरवडलं तर चिखलाचा अख्खा पापुद्रा टायरच्या नक्षीसकट सुटून आला. तसाच साचा, उलटा. पोराने तो हातात घेतला तर त्यात प्रत्येक खाच दिसत होती. अर्ध्या तासात दोन सायकली मोकळ्या. मग फटी काढायला जुना टूथब्रश आणि एक तांब्या पाणी. एक तांब्या! महिनाभर मी कशाकशाशी भांडत होतो.

नाना आलेच. पाटीकडे बोट. मी म्हटलं नाना, हे धुणं नाही, हे झाडणं आहे. नाना बराच वेळ सायकलकडे, मग स्वतःच्या गाडीकडे, मग पाटीकडे बघत राहिले आणि "पेपर उचला नंतर" म्हणून वर गेले.

पेपरवरची माती फेकवेना, दोन किलो तरी असेल, आवणीच्या शेतातली. बायकोने ती गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत ओतली (बोलणं तोवर सुरू झालं होतं). पंधरा दिवसांनी त्यात काहीतरी उगवलं, गोलसर जोडीजोडीची पानं. पोराला वाटलं त्याने पहिन्याहून झाड आणलं, त्याने वर्गात पण सांगितलं. आईने चष्मा लावून पाहिलं. टाकळा. कोवळा आहे अजून म्हणाली, भाजी झकास होते, पण एवढ्याने भागायचं नाही.

आता शनिवारी रात्री मी टायरमध्ये हवा भरायला लागलो की आतून आवाज येतो, "उद्या जाशील तर जरा जास्त चिखल आण."