मेहुण्याचा हीटर

थंडीबद्दल बोलायचा मुंबईकराला अधिकार नाही, हे मला मान्य आहे. 1962 च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर आला होता. त्या भांडवलावर आम्ही अजून कपाटात स्वेटर बाळगून आहोत. तरीही रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या थंडीचं माझ्या मुलुंडच्या घरात काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो.

मेहुणा नंदू तिकडे असतो. त्याच्याकडे जुना डॉज रॅम पिकअप आहे, 5.9 लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाचा. (कमिन्स म्हटलं की सासूबाईंना पुण्यातलं मुलींचं कॉलेज आठवतं. त्यामुळे गाडी चांगल्या घरातली आहे, अशी त्यांची समजूत.) तिकडे सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांत गाडी रात्रभर अंगणात उभी. नंदू चावी फिरवतो, समोर पिवळा दिवा लागतो. अर्थ इतकाच की थांब, एवढ्यात स्टार्टर मारू नकोस. पण नंदूला एकट्याने थांबवत नाही. तो व्हिडिओ कॉल लावतो.

"दिवा लागला का रे?" सासूबाई.

"लागला. भावजी, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो."

हे वाक्य मी आता झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. पुढचंही पाठ आहे. सिलिंडरमध्ये हवा सोळा-सतरा पट दाबायची; नुसत्या दाबानेच ती इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताक्षणी पेटतो. पण बाहेरची हवा बर्फासारखी आणि इंजिनाचं लोखंडही तसंच. दाबून मिळवलेली उष्णता ते लोखंडच गिळून बसतं. मग डिझेल पेटत नाही, नाहीतर अर्धवट जळून पांढरा धूर ओकतं. म्हणून हवा आत शिरते त्या वाटेवरच धातूच्या नागमोडी पट्ट्या बसवलेल्या असतात. बॅटरीचा करंट मिळाला की त्या लालबुंद होतात आणि आत जाणारी हवा तापवतात. पट्ट्यांचे दोन संच, दोन्ही मिळून दोनशेच्या आसपास अँपिअर खेचतात. बाराने गुणा, आमच्या बाथरूममधल्या गिझरइतकी वीज झाली! त्यासाठी गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. आमच्याकडे गिझर चालू असताना कोणी इस्त्री लावली तर एमसीबी पडतो, त्यामुळे या एका बाबतीत मी गाडीला मनोमन मानतो.

हवा पंधराएक अंशांच्या खाली गेली की हा हीटर कामाला लागतो म्हणे. म्हणजे थंडी कशाला म्हणायचं, याबाबत ही अमेरिकन गाडी पक्की मुंबईकर आहे.

पट्ट्या तापेपर्यंत तो पिवळा दिवा राहतो, फार तर अर्धा मिनिट. तेवढ्यात अण्णा, म्हणजे सासरे, आपला सल्ला देऊन घेतात. त्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली.

"नंदू, एवढं कशाला? ईथरचा स्प्रे मार की."

"अण्णा, नको! पट्ट्या लाल असतात. स्प्रे मारला तर आतच भडका उडेल."

"आमच्या वेळी नाही उडाला."

"तुमच्या वेळी पट्ट्या नव्हत्या, अण्णा!" आणि मग एकदम, "विझला! विझला!"

"तिन्हीसांजेला काय बोलतोस मेल्या!" सासूबाई हातातली समई सावरत ओरडतात. तिकडे इंजिन धडधडतं.

झालं, असं वाटतं ना? नाही. इंजिन चालू झाल्यावरही हीटर थोडा वेळ चालू-बंद, चालू-बंद होत राहतो, धूर कमी व्हावा म्हणून. तो चालू झाला की व्होल्टमीटरची सुई खाली येते, हेडलाइट मंदावतात. नंदू फोन त्या सुईवर धरतो आणि आम्ही चौघं पंख्याखाली घाम पुसत बघतो. "पडली... आली... परत पडली." बातम्या राहतात, भाजी करपते.

परवा भर दुपारी सोसायटीत कोणाचं तरी फर्निचर घेऊन पिकअप टेम्पो आला. अण्णा तडक खाली.

"काय रे, हवेचा हीटर कुठाय तुझ्या गाडीत?"

"काका, इथं पंखा नाय चालत, हीटर कुठनं आणू?"

अण्णांनी तरी बॉनेट उघडायला लावलंच. आत वाकून बघितलं, आणि मला वरून हाक मारून बोलावलं.

"जावईबापू, नंदूला कॉल लावा. त्याला म्हणावं, दाखव आता पट्ट्या कुठे असतात ते."

मिनेसोटात रात्रीचे दोन वाजले होते. मी ताबडतोब लावला.