डिस्चार्जचा कागद हाही ऑपरेशनचाच भाग आहे

शेजारच्या वैनी आज दुपारी भाऊंचा डिस्चार्जचा कागद घेऊन आल्या. भाऊंची हृदयाची बायपास झाली, कालच घरी आणलंय. "यातली कुठली गोळी कधीपर्यंत द्यायची, जरा बघ गो," म्हणाल्या. कागद वाचला आणि माझं डोकंच फिरलं. नऊ औषधं. एका ओळीत ओडी (दिवसातून एकदा), दुसरीत बीडी (दोनदा), तिसरीत एचएस (झोपताना). एमियोडॅरोनपुढे नुसतंच 'कंटिन्यू'. कधीपर्यंत? वैनींनी काय ती जन्मभर देत बसायचं?

बायपासनंतर तीन-चार पेशंटांतल्या एकाचे ठोके अनियमित होतात, त्यासाठी ही गोळी देतात. बहुतेकांची ती काही आठवड्यांनी डॉक्टर तपासून बंद करतात. तिच्यात आयोडीन भरपूर असतं. विनाकारण लांबली तर थायरॉइड बिघडतो, फुफ्फुसांनाही त्रास होऊ शकतो. (कोणी वाचून आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) म्हणजे 'कधीपर्यंत' हा त्या ओळीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द, आणि तोच लिहिलेला नाही.

आणि भाऊ आधीपासून घेत होते त्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांचं काय? त्याबद्दल अवाक्षर नाही.

इथे मला आईच दिसायला लागली.

बाबांची बायपास चवथीच्या थोडी आधी झाली होती. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनच्या हाताला नावं ठेवायला जागा नाही. पण बाबा त्याआधी कित्येक वर्षं अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र असलेली कॅप्सूल घ्यायचे. डिस्चार्जला नवीन पट्टी मिळाली, तिच्यात क्लोपिडोग्रेल आणि पुन्हा अॅस्पिरिन, दोन्ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी. नाव वेगळं, रंग वेगळा. जुनी बंद करा असं ना कोणी लिहिलं, ना सांगितलं. आईने पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात दोन्ही पट्ट्या रबर लावून ठेवल्या आणि वेळ न चुकवता दोन्ही दिल्या. तिला वाटलं, नवीन म्हणजे जास्तीची.

बाबांना थकवा यायला लागला. सगळे म्हणाले, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थकवा येणारच. शेवटी डिचोली बाजारातल्या फार्मसीवाल्याने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघितल्या आणि आईला विचारलं, "काकांना शौचाला काळं होतं का?" होत होतं. हिमोग्लोबिन सातावर आलेलं. दुप्पट अॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव. पुन्हा अॅडमिट.

आणि तिथे वॉर्डात एका डॉक्टराने आईला विचारलं, "जुन्या गोळ्या तुम्ही दिल्याच कशा?"

मी हे विसरणार नाही. दहावी झालेली बाई, जिने नवऱ्याची एक गोळी चुकवली नाही, तिला सगळ्यांसमोर गुन्हेगार केलं. आईने त्यानंतर बाबांच्या गोळ्यांना हात लावला नाही. आजही मलाच द्यायला सांगते.

मान्य आहे, डॉक्टरांवर भार प्रचंड आहे. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, नुसत्या गोव्याचे नाही, दोडामार्ग-सावंतवाडीपासून कारवारपर्यंतचे पेशंट येतात. बिलाचे, विम्याचे कागद, पलंगाची वाट बघणारा पुढचा पेशंट, सगळं कळतं. आपली माणसंही जुन्या गोळ्या दाखवत नाहीत, हेही खरं. पण विचारलं तर दाखवतील ना! "घरच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा" हे एक वाक्य अॅडमिट करतानाच सांगायला किती वेळ लागतो?

बायपास म्हणजे पायाची शीर किंवा छातीतली धमनी घेऊन हृदयाला नवी वाट करून देणं. पायाची शीर पहिल्या वर्षातही तुंबू शकते. ती उघडी राहावी म्हणून अॅस्पिरिन आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. म्हणजे टेबलावर केलेलं काम टिकवणाऱ्या या गोळ्या आहेत, आणि त्या समजावण्याचं काम आपण सर्वांत दमलेल्या ज्युनियर डॉक्टरावर, तेही गाडी खाली येऊन थांबलेली असताना, टाकतो. झडप बदललेल्यांचं तर विचारूच नका. मेकॅनिकल झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ आहे ते बघणाऱ्या आयएनआरच्या तपासण्या वेळच्या वेळी. अशा माणसाने गुडघा दुखतो म्हणून फार्मसीतून डायक्लोफिनॅक घेतली तर रक्तस्रावाला आमंत्रण. हे किती जणांच्या कागदावर मातृभाषेत लिहिलेलं असतं?

औषधांची नावं जेनेरिक, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलं. बाबांच्या दोन्ही पट्ट्यांसमोर 'अॅस्पिरिन' एवढा शब्द कोणी लिहिला असता, तर आईनेच पकडलं असतं. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येतात तिला.

मला मोठी यंत्रं नकोत. वॉर्डात एक फार्मासिस्ट बसवा. त्याने घरच्या गोळ्या आणि नवीन गोळ्या एकमेकांशी ताडून बघाव्यात. बंद केलेल्या औषधांची नावं कागदावर वेगळी लिहावीत, प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आणि कधीपर्यंत ते मराठीत नाहीतर कोकणीत लिहावं, आणि घरी जो गोळ्या देणार त्याच्याकडूनच एकदा वदवून घ्यावं. आठवड्याने एक फोन करावा. सत्तरी तालुक्यातल्या, काणकोणातल्या माणसाने एवढं विचारायला बांबोळीपर्यंत यायचं का?

काही सिस्टर हे आपणहून करतात, अगदी ड्यूटी संपल्यावर थांबूनसुद्धा. बाबांच्या दुसऱ्या डिस्चार्जला एक सिस्टर आईशेजारी स्टुलावर बसली आणि प्रत्येक पट्टीवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढून दिले. तिचं नाव विचारायचं राहिलं. पण हे एखादीच्या चांगुलपणावर का अवलंबून असावं?

उद्या वैनींबरोबर मी जाणार आहे. भाऊंच्या जुन्या पट्ट्याही नेणार, आणि 'कंटिन्यू'पुढे तारीख लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून हलणार नाही. इथे माझ्या यादीत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट बरेच आहेत. तुमच्या हॉस्पिटलात हे नीट होत असेल तर कसं करता, कोण करतं, ते खाली सविस्तर लिहा. मला ते उद्या तिथे दाखवायचं आहे.