रांगेत तुमचं स्वागत आहे

तुमच्या आवडीचा जुना रॉक बँड पुन्हा दौऱ्यावर निघालाय म्हणे. अभिनंदन! मूळ चौघांपैकी दोघेच उरलेत, त्यांचंही आपसात वकिलांमार्फत बोलणं चालतं, आणि वरचे सूर आता मागे उभ्या असलेल्या कोरसवाल्या मुली सांभाळतात. तरीही तुम्हाला जायचंय. मलाही जायचं होतं. परवाच त्या खटाटोपातून रिकाम्या हाताने बाहेर पडलोय, अनुभव ताजा आहे, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. सल्ल्यावर सुविधा शुल्क आकारलेलं नाही.

सर्वप्रथम, ‘निरोपाचा दौरा’ हे शब्द वाचताच गहिवरून या. हीच शेवटची संधी, आता नाही तर कधीच नाही, असं स्वतःला बजावा. ‘द हू’ या बँडने 1982 मध्ये निरोप घेतला आणि 1989 मध्ये ते परत आले. ‘किस’ने 2000 मध्ये निरोपाचा दौरा काढला, मग 2019 मध्ये आणखी एक काढला, आणि 2 डिसेंबर 2023 ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचं वाजवून झालं त्याच रात्री आपले डिजिटल अवतार पडद्यावर सादर केले. म्हणजे आता देह ठेवायचीही सोय राहिली नाही. ‘स्कॉर्पियन्स’चा निरोप 2010 पासून सुरू आहे, घाई नाही. पण मला सगळ्यात आवडतात ते ‘मॉटली क्रू’. पुन्हा कधीही दौरा करणार नाही, असा रीतसर करार त्यांनी 2014 मध्ये वकिलासमोर सह्या करून केला. तिकिटं खपली, 2015 च्या 31 डिसेंबरला सांगता झाली, लोक रडले. 2022 मध्ये मंडळी पुन्हा स्टेडियममध्ये हजर. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी ही शेवटचीच संधी समजून पैसे द्या.

लग्न असो वा ऑपरेशन, विक्रीच्या दिवशी सकाळी मोकळे राहा.

मग प्री-सेलसाठी, म्हणजे खुल्या विक्रीआधीच्या राखीव विक्रीसाठी, नाव नोंदवा. ईमेल द्या, फोन नंबर द्या, जन्मतारीख द्या, ‘इतर आकर्षक ऑफर्स’ला होकार द्या. विशिष्ट बँकेचं कार्ड असेल तर उत्तम. नसेल तर ते काढा, त्यासाठी वेगळी रांग आहे. शेवटी कोड येईल, स्पॅममध्ये. कोड मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. रांगेत उभं राहायला परवानगी मिळावी म्हणून जी रांग असते, त्या रांगेतला तुमचा नंबर लागलाय एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी रांग. विक्री सुरू होण्याआधी तासभर लॉगिन करून बसा. त्याचा उपयोग काहीच नाही, कारण विक्री उघडताना प्रतीक्षागृहात असलेल्या सगळ्यांचे क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जातात. तासाभरापूर्वी आलेला आणि शेवटच्या मिनिटाला टपकलेला, दोघे सारखेच. पण बसा, भक्ती दिसली पाहिजे. तुमच्यापुढे लाखाच्या घरातला आकडा दिसेल आणि एक छोटा माणूस निळ्या पट्टीवरून चालू लागेल. त्याच्याकडे टक लावून बघा. पान रिफ्रेश करू नका. दुसऱ्या टॅबवर जाऊ नका. पाणी प्यायला उठू नका. मध्येच तुम्हाला विचारण्यात येईल की तुम्ही यंत्र तर नाही ना. वाहतुकीचे दिवे असलेले चौकोन निवडा. खांब धरायचा की नाही, हा प्रश्न मनात आणू नका, चुकाल. पुन्हा निवडा. आता सायकली निवडा. आता जिने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, कारण तुम्ही घाम पुसत सायकली मोजत असता तेव्हा दलालांची सॉफ्टवेअर्स मागच्या दाराने पोती भरून तिकिटं नेत असतात. अमेरिकेत अशा बॉट्सविरुद्ध 2016 मध्ये कायदा झाला. त्याखालची पहिली कारवाई व्हायला 2021 उजाडलं. चार वर्षांहून जास्त! तोवर माझ्यासारखे किती जण जिने ओळखायला शिकले असतील.

असो. तुमचा नंबर लागेल. माझाही लागला होता. आसनांचा नकाशा उघडतो, निळे ठिपके दिसतात, एकावर बोट ठेवावं तर ‘हे तिकीट दुसऱ्या ग्राहकाने निवडले आहे’. शेजारच्यावर ठेवावं, तेही त्यानेच. वरच्या मजल्यावर, खांबामागे, जिथून स्टेजवरचा गायक डासाएवढा दिसेल, तिथेही हाच गृहस्थ. कोण आहे हा दुसरा ग्राहक? याला एवढ्या खुर्च्या कशाला लागतात? शेवटी एक ठिपका टिकला. दर बघितला तर मघाशी बघितलेला नव्हता. ठीक आहे, म्हटलं, घेऊ. घड्याळ उलटं धावायला लागलं. सुविधा शुल्क, मग प्रक्रिया शुल्क, मग तिकीट माझ्याच फोनवर माझ्याच इंटरनेटने पाठवण्याचं शुल्क. ओटीपी आला नाही. ओटीपी आला. ‘आपले सत्र समाप्त झाले आहे.’ रांगेच्या शेवटी आपलं स्वागत आहे! आणि त्याच संध्याकाळी पुनर्विक्रीच्या साइटवर तीच रांग, तोच विभाग, तिप्पट दराने, खाली ‘खऱ्या चाहत्यांकडून खऱ्या चाहत्यांसाठी’ असं लिहिलेलं. खरा चाहता म्हणे! एकाच खऱ्या चाहत्याकडे एकाच कार्यक्रमाची एवढी तिकिटं?

दर वाढला म्हणून कुरकुर करू नका, त्याला ‘मागणीनुसार दर’ म्हणतात. ऑगस्ट 2024 मध्ये ‘ओएसिस’ची तिकिटं ब्रिटनमध्ये विक्रीला आली, तेव्हा उभं राहायचं तिकीट 148 पौंडांचं समजून तासन्‌तास थांबलेल्या लोकांना शेवटी 355 पौंड दिसले. उभं राहायचे! खुर्चीसुद्धा नाही! पुढे सरकारी चौकशीत निघालं ते तर आणखी झकास: दर क्षणाक्षणाला हलत होते असा पुरावा नाही. उभ्याच्या तिकिटांचे दोन दर आधीपासूनच ठरलेले होते, स्वस्त संपलं की महाग सुरू. फक्त रांगेतल्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि काही ‘प्लॅटिनम’ तिकिटं साध्या तिकिटाच्या जवळपास अडीचपट दराने गेली, तीही तेवढ्या जादा पैशांत जास्तीचं काहीच मिळत नाही हे धड न सांगता. बँडने जाहीर केलं की तिकिटांचे निर्णय प्रमोटर आणि मॅनेजर घेतात, असे दर लावले जाणार याची आपल्याला कल्पनाच नव्हती.

कल्पना नव्हती. बरं.

स्टेजवरच्या दिव्याचा रंग, गिटारच्या तारेची जाडी, विंगेतल्या पाण्याचं तापमान, हे सगळं करारात लिहून घेणाऱ्या माणसांना आपल्या तिकिटाचा दर वर्तमानपत्रात वाचून कळतो. तरुणपणी सत्ताधाऱ्यांना आणि बाजाराला शिव्या घालत मोठे झालेले हे बंडखोर म्हातारपणी मॅनेजरला विचारल्याशिवाय हूं की चूं करत नाहीत, यावर मी विश्वास ठेवायचा?

मनात असलं की सगळं जमतं. ‘पर्ल जॅम’ 1994 मध्ये ‘तिकीटमास्टर’ या तिकीट कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे गेले, तिथल्या संसदेसमोर साक्ष दिली. हरले, 1995 मध्ये चौकशी गुंडाळली गेली, पण निदान भांडले तरी. 2023 मध्ये ‘द क्युअर’च्या रॉबर्ट स्मिथने तिकिटं मुद्दाम स्वस्त ठेवली, काहींचं शुल्क तिकिटाच्या किमतीहून जास्त झालेलं बघून तो जाहीरपणे भडकला, आणि त्याच कंपनीने सर्वात स्वस्त तिकिटांवर दहा, बाकीच्यांवर पाच डॉलर मुकाट्याने परत केले. म्हणजे ते शुल्क परत करता येतं. म्हणजे त्यातलं निदान तेवढं तरी उगाचच होतं. एका माणसाने तोंड उघडलं तर एवढं झालं. बाकीच्यांची तोंडं माइकसमोरच तेवढी उघडतात का?

आणि तुम्ही, हो, तुम्ही वाचणारे! चौपट पैसे मोजून दलालाकडून तिकीट घेता आणि फोटो टाकता, ‘आयुष्यभराचं स्वप्न’. दलालाचं दुकान तुमच्याच स्वप्नावर चालतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीपर्यंत एकानेही घेतलं नाही तर तिकिटं त्याच्याच गळ्यात पडतील. पण नाही, आपल्याला धीर नाही.

युक्त्या पुरे. आता विकणाऱ्यांना सरळ विचारतो. एकूण रक्कम पहिल्याच पानावर लिहायला काय धाड भरते? लोकांसाठी नक्की किती तिकिटं खुली आहेत, ते का सांगत नाही? न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने 2016 मध्ये तपासलं, तर मोठ्या कार्यक्रमांची सरासरी 46 टक्केच तिकिटं खुल्या विक्रीत आली होती. बाकीची प्री-सेलमध्ये आणि आतल्या माणसांत आधीच वाटलेली. मग लाखो लोकांना सकाळपासून कशासाठी बसवता? मूळ दराहून जास्तीने पुनर्विक्री करायला जपानने 2019 पासून आळा घातला, आयर्लंडने 2021 मध्ये कायदा केला. तिथे काही मैफली बंद पडल्या नाहीत. तुमच्याकडे यंत्रणा नाही असं सांगू नका. मी कुठल्या चौकोनावर बोट ठेवलं, किती सेकंद थांबलो, कुठल्या फोनवरून आलो, सगळं तुम्हाला कळतं. मग एकाच खात्यावरून ढिगाने तिकिटं पुन्हा विकायला आली की तेवढंच कसं कळत नाही? कळतं. पहिल्या विक्रीत शुल्क मिळतं, दुसऱ्या विक्रीत कमिशन मिळतं, म्हणून तुम्ही डोळे मिटून घेता, आणि वर मलाच विचारता की तू यंत्र आहेस का. लाजा वाटायला हव्यात तुम्हाला.