अमेरिकन स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता आवाज? मला नाही पटत

गेल्या शनिवारी आम्ही चारपाच मराठी कुटुंबं वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. ड्रीम क्रूझ होतं, दर ऑगस्टला असतं, डेट्रॉईटच्या बाहेर फर्नडेलपासून पाँटियॅकपर्यंत नुसती जुन्या गाड्यांची रांग. तिथं एक मित्र म्हणाला, "अमेरिकन गाड्या म्हणजे नुसता आवाज रे, खरी गाडी जर्मन, नाहीतर जपानी." त्या गोंगाटात धड बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबलंय पण मनापासून आहे.

माझ्याकडे 2002 ची शेव्हरलेची कॉर्व्हेट आहे, सी5 म्हणजे पाचवी पिढी, सेकंडहँड घेतलेली, आता 1 लाख 38 हजार मैल झालेत. आत एलएस1 इंजिन, 5.7 लिटर, व्ही8 म्हणजे आठ सिलेंडर, 350 हॉर्सपॉवर, आणि मूळ कल्पना शेव्हरलेच्या 1955 च्या स्मॉल ब्लॉक इंजिनाचीच. व्हॉल्व्ह हलवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट एकच, तोही ब्लॉकच्या पोटात, तिथून पुशरॉड म्हणजे सळ्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात, सिलेंडरमागे व्हॉल्व्ह दोनच. लोक याला जुनाट म्हणतात. पण डोक्यावर चार कॅमशाफ्ट नाहीत म्हणून इंजिन आटोपशीर होतं, कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या लांबच लांब टायमिंग चेन नाहीत, बिघडायला वस्तूच कमी. उगाच नाही लोक हे इंजिन माझदा मियाटासारख्या छोट्या गाडीत सुद्धा बसवत.

मार्चमध्ये स्पार्क प्लग बदलले, घरासमोरच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, आयुष्यभर इंजिन प्लँटमध्ये काम केलेले, ते सोबतीला होते. बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं, मग बाजूला उभं राहून निवांत काम करता येतं. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या आठही कॉइल व्हॉल्व्ह कव्हरवर ओळीनं समोर, प्रत्येकीतून वीतभर वायर निघून थेट प्लगला. मागचे दोन प्लग तेवढे अडचणीत, हात वाकडा करून चाचपडत सॉकेट बसवावा लागतो. काढलेले प्लग फडक्यावर मांडले तर आठांची टोकं एकसारखी फिकट तपकिरी, म्हणजे इंजिन ठणठणीत. म्हातारबुवांनी एकेक उचलून बघितला आणि नुसती मान डोलावली.

आता फेरारी 355 बघा, काय देखणी गाडी, पण टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पोर्शची 911 माझी अत्यंत आवडती, तरी तिच्या 996 या पिढीतलं ते इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग गेलं की इंजिनच संपलं. जपान्यांचं मात्र मान्य, 1990 च्या होंडा एनएसएक्सनं दाखवून दिलं की सुपरकार रोज ऑफिसला नेता येते, तिथं वादच नाही.

माझं म्हणणं एवढंच की गाडी कधीच बिघडणार नाही असं कुठे असतं? बिघडल्यावर पगारदार माणसाला ती परवडली पाहिजे, पार्ट गावातल्या दुकानात मिळाला पाहिजे. आमच्यातल्याच एकाची महागडी युरोपियन गाडी एका प्लॅस्टिकच्या पाइपसाठी तीन आठवडे गॅरेजला पडून होती, बिल आलं तेव्हा त्यानं गाडीच विकून टाकली. फार हळहळला बिचारा.

आपल्याकडे देशात 2016 ला फोर्डची मस्टँग आली ती 65 लाखांना, त्यामुळे तिकडे ती श्रीमंताचीच गाडी वाटते. इथे 1964 पासून ती कामगार, शाळामास्तर अशांची गाडी आहे. 2020 ची सी8 कॉर्व्हेट, इंजिन मध्यभागी, 60 हजार डॉलरच्या आत सुरू झाली, तेव्हा 911 जवळपास 1 लाखाच्या घरात होती.

दोष आहेतच. मस्टँगला मागची दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल 2014 पर्यंत चालवला, खराब रस्त्यावर वळणात मागचं टोक उडायचं. 2015 ची झेड06, म्हणजे कॉर्व्हेटचंच जास्त ताकदीचं मॉडेल, ट्रॅकवर तापायची आणि पॉवर कमी करून टाकायची, 650 हॉर्सपॉवरच्या गाडीला हे शोभत नाही. सी5 च्या डॅशबोर्डचं प्लॅस्टिक बघवत नाही.

आता नव्या झेड06 मध्ये 5.5 लिटरचं इंजिन, चार कॅमशाफ्ट, 8600 आरपीएम, थेट फेरारीच्या वाटेवर. ऐकायला अंगावर काटा येतो, पण घरासमोर स्वतःच्या हातानं कोण उघडणार ते? आणि डॉजची व्ही8 चॅलेंजर 2023 ला संपली, शेव्हरलेची कॅमॅरोही त्याच वर्षी. शनिवारी वुडवर्डवर एक लाल कॅमॅरो सिग्नलला आमच्यासमोर थांबली, ती सुटली तेव्हा खुर्चीच्या पाइपातून कंप हाताला जाणवला. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, तो उठून उभाच राहिला.

मित्रा, रविवारी सकाळी सातला ये. रस्ते मोकळे असतात. चावी तुझ्याकडे, मी शेजारी बसतो.